रंग थोडा, धुणं फार

लग्नसराईत एखाद्या ब्यूटीपार्लरचं दरपत्रक हाती घ्या. साध्या मेकअपपासून सुरुवात करून खाली यावं, तसा आकडा वाढत जातो आणि बहुतेक वेळा सगळ्यांत महागड्या ओळीत ‘एअरब्रश मेकअप’ असतो. अनेक मराठी घरांची एअरब्रशशी ओळख तेवढीच. पण हेच यंत्र केक करणाऱ्या ताईंच्या ओट्यावर असतं, बुलेटच्या टाकीवर वाघ काढणाऱ्या पोराच्या गॅरेजात असतं, पेणच्या गणपती कारखान्यात असतं. आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या बंद गॅलरीत, टेबलदिव्याखाली, प्लॅस्टिकचं लढाऊ विमान नाहीतर बोटभर उंचीचा मावळा रंगवत बसलेल्या हौशी माणसाच्या हातातही असतं.

हा लेख या शेवटच्या माणसाविषयी आहे. त्यातही त्याच्या रंगकामापेक्षा त्याच्या धुण्याविषयी. कारण या मंडळींच्या घरी जाऊन बसलं की आधी कपाटातली विमानं दाखवली जातात, मग रणगाडे, मग चहा येतो, आणि चहाबरोबर गाऱ्हाणी सुरू होतात. रंगवायला बसायचं म्हणजे अर्धा वेळ धुण्यातच जातो. नोझल तुंबतं. कपात बुडबुडे येतात. फवारा डावीकडे पळतो. आठवडाभराने यंत्र काढावं तर सुई जागची हलत नाही. नवा एअरब्रश हौसेने घेऊन महिन्याभरात माळ्यावर टाकणारे कमी नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांना चित्रकला जमली नाही असं नसतं. त्यांना धुणं जमलेलं नसतं.

सव्वाशे वर्षांची घडण

१८७६ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, न्यूटन गावच्या फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यांनी रंगाचा फवारा उडवणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. पुढे आपल्या जुळ्या भावाबरोबर वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढून गाजले ते हेच स्टॅन्ली. तीनच वर्षांनी ॲबनर पीलर नावाच्या खटपट्या माणसाने जलरंगातल्या चित्रांसाठी असंच एक ओबडधोबड साधन जुळवलं. लिबर्टी वॉकप यांनी ते पुढे सुधारून बाजारात आणलं. आज आपण पेनासारखा धरतो त्या घडणीचा एअरब्रश चार्ल्स बर्डिक यांचा. तो १८९३ मध्ये थेयर अँड चँडलर या कंपनीने शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडला. विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

तेव्हापासून धातू सुधारले, मापं काटेकोर झाली, जपान आणि जर्मनीतल्या कारखान्यांनी या कामात नाव काढलं. पण आतली रचना ओळखीचीच राहिली. फोटो स्टुडिओत चेहऱ्यावरचे डाग घालवायला एअरब्रश वापरला गेला, मॅन रे यांनी १९१७ ते १९१९ या काळात त्यातून चित्रं काढली, संगणक येईपर्यंत जाहिरात एजन्सींच्या आर्ट विभागात तो रोजच्या कामाचा होता. त्या जगातून तो गेला तरी हौशी लोकांनी आणि मूर्तिकारांनी तो टिकवला.

रचना थोडक्यात अशी. पुढे टोकाशी शंकूच्या आकाराचं, पोकळ, इवलंसं नोझल. त्याच्या आतून मागपर्यंत जाणारी एक लांब, निमुळती स्टीलची सुई. वर रंगाचा कप. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते. तोच ट्रिगर मागे ओढला की सुई मागे सरकते, सुई आणि नोझल यांच्यात गोल फट पडते आणि रंग पुढे येतो. नोझलच्या भोवतीने हवा जोरात निघाल्यामुळे टोकाशी दाब कमी होतो. त्या कमी दाबाने रंग ओढला जातो आणि हवेत त्याचे बारीक कण होतात.

आता मापं पाहा. हौशी कामाचं नोझल साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं, सर्वांत लोकप्रिय माप ०.३. माणसाच्या केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. नोझलच्या मधोमध सुई असते, म्हणजे रंगाला जायला उरते ती केसाच्या जाडीच्या आसपासची वाट. तिथे सुकलेल्या रंगाचा एक कण अडकला तरी सगळं काम थांबतं.

“धुवायचं. उघडायचं नाही.”

चिंचवडमध्ये टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका ओळखीपाळखीतल्या लोकांचे एअरब्रश दुरुस्त करून देतात. टेबलावर हिरवं फेल्ट, घड्याळजी डोळ्याला लावतात तसली काच, आणि एका औषधाच्या बाटलीत साठवलेली निकामी नोझलं. त्यांनी चिमट्याने एक उचलून काचेखाली धरलं. कडेला उभी चीर गेलेली होती. दुसऱ्याचं तोंड लांबट झालेलं. तिसऱ्याचे आटे अर्धवट तुटून गेलेले.

“यातलं एकही रंगाने मेलेलं नाही,” काका म्हणाले. “सगळी धुताना मेलीत.”

“मग काका, धुवायचंच नाही का?”

“धुवायचं. दहा वेळा धुवायचं. उघडायचं नाही. उघडलं की हात चालतो, आणि हात चालला की पाना चालतो.”

चीर कशी जाते ते त्यांनी सुई हातात घेऊन दाखवलं. धुऊन झाल्यावर सुई परत आत घालताना ती नोझलला टेकली की थांबायचं असतं. माणूस ‘नीट बसली का’ म्हणून आणखी थोडी रेटतो. कडक स्टीलची निमुळती सुई मऊ धातूच्या नोझलमध्ये पाचरीचं काम करते, तोंड फाकतं आणि शेवटी फाटतं. आट्यांचंही तसंच. ज्या नोझलला पाना लागतो ते बोटाने फिरवून टेकलं की पान्याने जेमतेम चिमूटभर फिरवायचं. सायकलचा नट आवळायची सवय इथे चालत नाही. बाटलीपर्यंत न पोचलेली बाकीची नोझलं बेसिनच्या जाळीतून गेलेली. म्हणून यंत्र उघडायचंच असेल तर मोरीवर किंवा बेसिनवर नको. स्टीलच्या परातीत, खाली पांढरं फडकं घालून.

महिन्याला एकदा ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ करावं, असं नवशिक्यांना आवर्जून सांगितलं जातं. काकांचा अनुभव उलटा आहे, आणि ज्या हौशी मंडळींचे एअरब्रश वर्षानुवर्षं चालले आहेत तेही काकांच्याच बाजूने बोलतात. रंग बदलताना धुणं हा रंगकामाचाच भाग. सुटे भाग करणं हा उपचार. आजार नसताना उपचार करू नये.

रंगाचे स्वभाव

कशाने धुवायचं, हे रंग कुठला आहे त्यावर ठरतं.

हल्ली घरात सर्वाधिक वापरतात ते पाण्यातले ॲक्रिलिक. बाटलीत असताना प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडालं की हे कण एकमेकांना चिकटून, एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनवतात. एकदा पापुद्रा झाला की तो पाण्यात परत विरघळत नाही. ओला असताना जो रंग नळाच्या पाण्याने निघतो, तोच सुकल्यावर नळाला दाद देत नाही. शिवाय सुईच्या टोकावरून सतत हवा वाहत असते, त्यामुळे तिथे रंग सर्वांत आधी सुकतो. याला हौशी लोक ‘टिप ड्राय’ म्हणतात. विदर्भातल्या मे महिन्यात हा त्रास मिनिटामिनिटाला. मुंबईच्या दमट हवेत जरा उशिराने. उपाय सोपा: जवळ ओला कुंचला ठेवायचा आणि अधूनमधून सुईचं टोक त्याने पुसायचं.

लॅकर रंगाचं तसं नाही. तो सुकला तरी त्याच्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, त्यामुळे धुण्याच्या दृष्टीने सगळ्यांत सोयीचा आणि नाकाच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर इथे कामाला येतं, पण ते रबरी ओ-रिंग फुगवतं. टेफ्लॉनच्या रिंगला काही होत नाही. आपल्या यंत्रात कुठली रिंग आहे हे आधी पाहावं. तिसरा एनॅमल. तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतो. ताजा असेल तोवर टर्पेंटाइनने सहज निघतो, मुरला की हट्टाला पेटतो.

ॲक्रिलिकचा सुकलेला थर मऊ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट पुसायला तेच वापरतात, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ते विचारावं. मात्र हे धुण्यासाठी. काही पाण्यातल्या ॲक्रिलिकमध्ये ते पातळ करायला घातलं तर कपातच रंगाचा चिकट गोळा होतो.

पातळ करण्याविषयी प्रत्येक जण एकच माप सांगतो: दुधाइतका. एका नागपूरकर हौशी बाईंनी त्यात भर घातली, “गाईच्या. म्हशीच्या नाही.” रंग नीट पातळ केलेला आणि गाळलेला असेल, दाब १५ ते २० पीएसआयच्या आसपास असेल, तर निम्मं धुणं आधीच वाचतं. क्राफ्टच्या स्वस्त रंगांचा दळ जाडसर असतो. ते बारीक जाळीतून गाळल्याशिवाय ०.३ च्या नोझलला दाखवूही नयेत.

एका धुण्याची गोष्ट

पुण्यात कोथरूडच्या एका घरात हे धुणं जवळून पाहिलं. विमानाच्या पंखाखालचा करडा संपला होता, आता हिरवा चढवायचा होता. गृहस्थांनी उरलेला रंग टिश्यूवर ओतला. कपाच्या भिंती जुन्या, मऊ कुंचल्याने पुसल्या. कापूसकाडी नको म्हणाले, तिचे तंतू आत राहतात आणि पुढच्या रंगाबरोबर नोझलमध्ये येतात. अर्धा कप पाणी घातलं आणि ते झाकणाला भोक पाडलेल्या काचेच्या बरणीत फवारलं. फवारा आधी करडा, मग फिकट पाणी.

मग टोकावर दुमडलेला टिश्यू अलगद धरून ट्रिगर हळूच दाबून मागे ओढला. हवेला पुढे वाट नाही, म्हणून ती रंगाच्या वाटेने उलटी आली आणि कपात बुडबुडे उठले. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात करड्या रंगाचा ढग वर आला. हा रंग नोझलच्या मागच्या खाचेत दबा धरून होता. नुसतं पाणी फवारून तो कधीच निघाला नसता. पाणी ओतलं, पुन्हा घातलं, पुन्हा बुडबुडे. ढग येईनासा झाल्यावर क्लीनरचे चार थेंब, क्षणभर थांबणं आणि फवारा. शेवटी पांढऱ्या टिश्यूवर साध्या पाण्याचा फवारा मारून पाहिला. ओला डाग, रंग नाही.

दोन रंगांच्या मध्ये एवढं पुरतं. दिवसाचं काम संपलं की यात एक पायरी वाढते: मागचा नट सैल करून सुई बाहेर. आधी धुऊन मगच सुई ओढायची, कारण रंग माखलेली सुई मागे ओढली तर तो रंग मधल्या पॅकिंगमधून ट्रिगरच्या खोबणीत जातो आणि दोन दिवसांनी ट्रिगर चिकटतो. ओलसर टिश्यूत सुई हलकेच धरून, फिरवत फिरवत, मागून टोकाकडे पुसायची. टोकाकडून मागे पुसलं तर टोक टिश्यूत अडकून वाकतं. सुईला ग्लिसरीनच्या जातीच्या वंगणाचा पुसट हात, टोक सोडून. मशीनचं तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे नको; त्याचा अंश रंगात उतरला की रंग पृष्ठभागावर फाटतो, गोल गोल डाग पडतात.

रंगांचा क्रम नीट लावला तरी धुणं कमी होतं. फिक्यापासून गडदाकडे जायचं, आणि सोनेरी, चंदेरी, मोतिया रंग सगळ्यांत शेवटी. त्यातले अभ्रकाचे किंवा धातूचे चमचमणारे कण सहजासहजी निघत नाहीत. उद्याच्या पांढऱ्यात ते आज राहिलेलं सगळं उघड करतात.

निळं पाणी आणि पितळ

काच पुसायचं निळं पाणी एअरब्रश धुवायला छान, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते रंग काढतं हे खरं. पण अशा काही क्लीनरमध्ये अमोनिया असतो, आणि एअरब्रशचं अंग बहुधा पितळेचं, वरून क्रोम किंवा निकेलचा मुलामा दिलेलं.

पितळ आणि अमोनिया यांचं वैर जुनं आहे, आणि ते हिंदुस्थानातच प्रसिद्धीला आलं. इंग्रजी अमलात लष्कराच्या बंदुकांची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात. पावसाळा सरेपर्यंत त्यांना तडे गेलेले असत. हंगामाशी जोडलेलं हे तडकणं बराच काळ कोडं बनून राहिलं. १९२१ साली त्याचा उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना पितळेत उरलेला ताण, या तिघांनी मिळून ते केलं होतं.

मुलामा शाबूत असलेल्या एअरब्रशला दोन फवाऱ्यांनी काही होणार नाही. पण मुलामा आतून झिजलेला असतो आणि माणसं सुटे भाग ‘रात्रभर भिजू दे’ म्हणून त्याच पाण्यात ठेवून देतात. तसं करू नये. नोझल भिजवायचंच तर अमोनिया नसलेल्या क्लीनरमध्ये, थोडा वेळ. शेवटचं खंगाळणं बोअरवेलच्या जड पाण्याऐवजी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने केलं तर क्षारही साचत नाहीत.

आषाढातली हवा

पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या गणपती कारखान्यांचा रंगकामाचा जोर नेमका पावसात असतो. मूर्तीचा अंगरंग कंप्रेसरवरच्या गनने चढतो. गालावरची, पोटावरची, धोतराच्या चुण्यांमधली छटा बारीक एअरब्रशने. डोळ्यांची आखणी मात्र अजून हाताने, कुंचल्याने. एका कारखान्यात वयस्क रंगारी नव्या मुलाला सांगत होते, “आधी गन धू, मग चहा पी. रंग थांबत नाही तुझ्यासाठी.” आणि लगेच, “टाकीचं पाणी काढलंस का?”

टाकीत पाणी कुठून आलं, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के धरली तर त्या हवेत २४ ग्रॅम वाफ असते. कंप्रेसरने ती हवा दाबून पाचव्या हिश्श्यात बसवली आणि टाकीत ती थंड झाली, की तिथे जेमतेम ६ ग्रॅम वाफ टिकते. उरलेले १८ ग्रॅम पाणी टाकीच्या तळाला. एअरब्रश मिनिटाला १५ लिटरच्या आसपास हवा खातो, म्हणजे तासाभराच्या फवारणीला तीन चमच्यांहून जास्त पाणी. त्यातलं थोडं नळीतून पुढे आलं, तर नुकत्याच रंगवलेल्या गालावर थेंब पडतो आणि त्या जागची सगळी छटा पुन्हा करावी लागते.

म्हणून कंप्रेसर टाकीचा घ्यावा, टाकीखालचा नळ रोज काम झाल्यावर उघडावा, आणि पाणी अडवणारा सापळा शक्यतो हाताजवळ, नळीच्या शेवटी लावावा. नळीतून येता येता हवा आणखी थंड होते आणि उरलेलं पाणी तिथे अडतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत एअरब्रश थुंकायला लागला तर आधी नोझलवर संशय घेऊ नये, टाकी पाहावी.

लक्षणं वाचावीत

काकांकडे येणाऱ्या तक्रारी मोजक्याच असतात, आणि जवळजवळ प्रत्येकीचं कारण लक्षणावरूनच कळतं. कपात आपोआप बुडबुडे येतात: नोझल नीट बसलेलं नाही, चिरलेलं आहे किंवा पुढची टोपी तुंबली आहे. फवारा एका बाजूला जातो: सुईचं टोक वाकलं आहे किंवा टोकावर रंग सुकला आहे. नुसती हवा दाबली तरी रंग येतो: सुई पूर्ण पुढे बसलेली नाही, किंवा नोझल झिजलं आहे. फवारा धडधडत, तुटत येतो: कुठून तरी हवा रंगाच्या वाटेत शिरते आहे, बहुधा नोझल सैल किंवा सुईभोवतीचं पॅकिंग सुटलेलं. ट्रिगर सोडला तरी परत येत नाही: मागे रंग गेला आहे.

यांतल्या निम्म्या तक्रारींना नोझल काढावं लागत नाही. वाकलेलं टोक तर घरीच सरळ होतं: सुई टिश्यूवरून हलकेच ओढली की आकडा कुठल्या बाजूला आहे ते कळतं, मग दोन हजार नंबरच्या वॉटरपेपरवर सुई आडवी ठेवून, फिरवत, टोकाच्या दिशेने ओढायची. काकांनी माझ्यासमोर एक सुई अशी सरळ केली आणि काचेखाली दाखवली. टोक पूर्वीइतकं टोकदार नव्हतं, पण फवारा सरळ आला.

एका गोष्टीवर मात्र काका तडजोड करत नाहीत. बरणीत न फवारता हवेत फवारून धुणाऱ्याला ते परत पाठवतात. धुताना उडतं ते रंगकामापेक्षा जास्त: क्लीनर, थिनर आणि रंगाचे श्वासातून फुप्फुसापर्यंत जाणारे कण. ॲक्रिलिक ‘पाण्याचा’ आहे म्हणून तो नाकात गेलेला चालतो असं नाही. त्याला कणांचा मास्क हवा. थिनरला वाफा शोषणारं काडतूस असलेला. साध्या कापडी पट्टीने थिनरची वाफ अडत नाही. कॅडमियम असलेले रंग तर एअरब्रशमध्ये घालूच नयेत. केकवाल्या ताईंनी खाण्याच्या रंगांचा एअरब्रश वेगळाच ठेवावा, कितीही धुतला तरी.

विकत घेण्याआधी

नामांकित कंपनीच्या एका नोझलच्या किमतीत स्वस्तातला अख्खा एअरब्रश येतो. त्यामुळे पहिल्या नोझलच्या वेळी बरेच जण हिशेब करतात आणि दुसरा स्वस्त घेतात. तोही तसाच तुंबतो, तसाच फाटतो. ज्यांना धुणं येतं त्यांचा हिशेब वेगळा आहे. शंभर वर्षांहून जुनी ही रचना अशी आहे की सुई, नोझल, पॅकिंग, स्प्रिंग, सगळं सुटं मिळतं आणि सुटं बदलता येतं. अंग जपलं तर यंत्र तुमच्यानंतरही चालेल.

म्हणून दुकानात गेल्यावर ‘किती बारीक रेघ निघते’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की याचं नोझल आणि सुई इथे, आत्ता, सुटी मिळते का, आणि केवढ्याला. दुकानदार अडखळला तर ते यंत्र कितीही चकचकीत असलं तरी परत ठेवावं. उत्तर सरळ आलं तर एअरब्रशबरोबर एक जादा सुई घ्यावी, घरी बरणीच्या झाकणाला भोक पाडून ठेवावं, आणि पहिल्या दिवशी रंग न घालता नुसत्या पाण्याने फवारून, उलटे बुडबुडे काढून, सुई काढून-घालून हात बसवून घ्यावा. पेणच्या कारखान्यात त्या नव्या मुलालाही मूर्तीवर गन धरायच्या आधी ती धुवायलाच शिकवतात.